कूलर बंद कर

"भाऊ, एक बोर्ड आणला. शॉर्ट आहे. कुठं आहे, ते दिसून नाही रायलं."

नईम दुकानाच्या पायरीवरूनच बोलायला सुरुवात करायचा. मूर्तिजापूरहून भर उन्हाचा बसने आलेला, डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला, आणि लॅपटॉपचा मदरबोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरलेला. तोंड लालबुंद झालं होतं, तरी पाणी मागायचं सोडून हा शॉर्ट सांगत होता.

"आत ये, बस, पाणी पी आधी," मी म्हटलं. "बोर्ड मेलेलाच आहे, तो काही आणखी मरायचा नाही. तू मरशील."

"भाभी, तुमच्या तोंडात साखर आहे, साखर," असं म्हणत तो माठातलं पाणी घटाघटा प्यायला आणि स्टूल ओढून गावंड्यांच्या समोर बसला.

गावंडे म्हणजे माझा नवरा. लोकांसमोर मी त्यांचा उल्लेख आडनावानेच करते. सासूबाई होत्या तोवर ही हिंमत नव्हती. माझं माहेर नगरकडचं. इतकी वर्षं वऱ्हाडात काढूनही माझी बोली सुटली नाही, म्हणून गावंडे मला हसायचे आणि त्यांच्या 'मले-तुले'ला मी हसायचे. आमचं दुकान अकोल्यात टिळक रोडच्या आतल्या गल्लीत होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात.

लॅपटॉप दुरुस्त करणारे अकोल्यात तेव्हाही पुष्कळ होते. पण लॅपटॉप बंद पडला की बहुतेकजण 'अख्खा बोर्डच बदला' म्हणून मोकळे व्हायचे. बोर्डावरच्या शेकडो बारक्या चिपांमधून नेमकी मेलेली एक शोधायची, ती काढायची आणि तेवढीच नवी बसवायची, हे काम गावंड्यांचं. वाशीमपासून बुलढाण्यापर्यंतचे दुकानदार आपल्याला न सुटलेले बोर्ड घेऊन त्यांच्याकडे यायचे. नईम त्यांतलाच, पण थोडा जास्त जवळचा. त्याचं दुकान गावंड्यांच्याच सल्ल्याने उभं राहिलेलं होतं.

मग गावंड्यांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. आधी चहाच्या कपबशीने सांगितलं, नंतर चिमट्याने. आमची चिप म्हणजे हरभऱ्याच्या डाळीपेक्षा लहान चौकोन, आणि त्याच्या चारी कडांना केसासारखे पाय. ती उचलायला हात दगडासारखा स्थिर लागतो. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चालणं सुधारलं, हात काही थांबला नाही. तेव्हा एक दिवस गावंड्यांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आजपासून हात तुझे, डोकं माझं."

मला काय येत होतं? कीबोर्ड बदलणं, पंख्यातली धूळ काढणं, गिऱ्हाइकाला गोड बोलून उद्या यायला सांगणं. पण शिकले. किती चिपा जाळल्या त्याची गणती नाही. दुकानात ते मला ओरडायचे, घरी मी त्यांना. शेवटी जमलं. ते माझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसायचे, भिंगातून बघायचे, आणि मी त्यांचं बोट होऊन काम करायचे. लोकांना वाटायचं, बिचारीवर किती ओझं पडलं. खरं सांगते, त्या दिवसांत मी सुखात होते. संसारात इतकं जवळजवळ बसून आम्ही दुसरं काहीच केलं नव्हतं.

त्या सुखाला मार्चमध्ये दृष्ट लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी गावंड्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी वाकडातिकडा गोल काढला आणि एकपासून बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या बाजूला एकावर एक रचून ठेवले. परतीच्या बसमध्ये हसत म्हणाले, "एवढा मोठा डॉक्टर, भिंतीवर घड्याळ हाये, तरी मलेच काढून मागते." मीही हसले. मला हसणं भाग होतं, कारण निघताना डॉक्टरांनी मला मागे थांबवून सांगितलं होतं, "हाताचं तुम्हाला दिसतंच आहे. आता डोक्याकडेही लक्ष ठेवा. आयुष्यभर केलेलं काम माणूस सगळ्यात शेवटी विसरतो. तिथे काही चुकायला लागलं तर मला लगेच कळवा."

तेव्हापासून मी पहाऱ्यावर होते. घरी ते चष्मा फ्रिजमध्ये ठेवायचे, धाकट्या जावयाला थोरल्याच्या नावाने हाक मारायचे. मी म्हणायचे, असू दे. घरी काय वाट्टेल ते विसरा, मला विसरा हवं तर. मी देवाजवळ एवढंच मागत होते की टेबलावर बसल्यावर यांचं डोकं ठिकाणावर राहू दे. तेवढं राहिलं तर गावंडे राहतील, असं मी मनाशी धरून बसले होते.

म्हणून नईम बोर्ड घेऊन आला की मला आनंद व्हायचा आणि धास्तीही वाटायची.

गावंड्यांनी बोर्ड मांडीवर घेतला. थरथरत्या हातांनी का होईना, पण त्याला धरायची त्यांची रीत तीच होती, कडांनी, तान्ह्या मुलाला धरावं तशी. त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि वास घेतला.

"जळलेलं नाही," ते म्हणाले. "पाणी गेलं हाये. कूलरचं."

नईमने मांडीवर थाप मारली. "क्या बात है भाऊ! गिऱ्हाईक कूलरसमोर लॅपटॉप उघडा ठेवून झोपलं होतं. कूलरनं रातभर थेंब उडवले. मी तुमाले सांगितलं पण नाही अजून."

"सांगाले कायले पाहिजे? हे पाह्य, पांढरे डाग. मूर्तिजापूरचं पाणीच सांगून रायलं."

आमच्याकडे हा दर उन्हाळ्यातला रोग आहे. लोक गरमीला भिऊन लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी नेऊन ठेवतात, आणि कूलर त्याला थेंबथेंब पाणी पाजून मारतो.

मी मीटर लावला. मीटरने लांब शीळ घातली. म्हणजे शॉर्ट होता, नईम खरं बोलत होता. मग गावंडे म्हणाले, "स्पिरिट टाक."

ही त्यांची पद्धत. बोर्डावर ब्रशने स्पिरिट फिरवायचं आणि अगदी थोडा करंट सोडायचा. आतून शॉर्ट झालेली चिप तो करंट खाऊन तापते आणि तिच्यावरचं स्पिरिट सगळ्यात आधी उडून जातं. ओल्या, चकाकणाऱ्या बोर्डावर तेवढाच एक ठिपका कोरडा पडतो. फक्त तेवढ्या एका क्षणात तो दिसला पाहिजे, नाहीतर सगळंच वाळतं.

आम्ही तिघांनी डोकी एकत्र आणली. मी करंट सोडला.

"ही!" नईम ओरडला. मलाही तीच दिसली होती, मधली मोठी.

"ती नाही," गावंडे म्हणाले. त्यांचं बोट हवेत गोल गोल थरथरत खाली आलं आणि नेमकं एका बारक्या चिपेवर टेकलं. "मोठी हिच्या उबेनं तापली. मेलेली ही हाये, चार्जिंगची. पुन्हा टाक, पुन्हा पाह्य."

पुन्हा स्पिरिट टाकलं. या वेळी मी फक्त त्यांनी दाखवलेल्या चिपेवर डोळा ठेवला. मोठीच्या आधी, अगदी पापणी लवायच्या अंतराने, ती कोरडी झाली.

मला इतका आनंद झाला की नईम नसता तर मी गावंड्यांना मिठीच मारली असती. नागपूरला फोन करून त्या डॉक्टरला सांगावंसं वाटलं, तुमचं घड्याळ तुमच्याजवळच ठेवा.

"लावायची कोणती?" मी विचारलं. "जुन्या बोर्डावरची काढून देऊ?"

"नवीन लाव. जुनी दोनदा तापते, एकदा काढताना, एकदा लावताना. दोनदा तापलेल्या चिपेचा काय भरवसा?" मग त्यांनी खणातली सुपारीची डबी स्वतः उघडायला घेतली. झाकण त्यांच्या बोटांना ऐकेना. मी उघडली. आत पाकिटात एकच चिप होती.

"शेवटची हाये," ते म्हणाले. "जपून." आणि मग, "कुंदे, कूलर बंद कर."

हे त्यांनी म्हटलं की काम सुरू झालं असं समजायचं. गरम हवेची गन चालू असताना बोर्डावर वारा लागला तर बोर्ड एकीकडे तापतो, दुसरीकडे गार होतो आणि वाकतो, किंवा नवी चिप जागेवर बसायच्या आत उडून जाते. म्हणून मे असो की काही असो, गन हातात घेण्याआधी कूलर बंद. अकोल्याच्या मेमध्ये भर दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय, ते अकोल्यात राहणाऱ्यालाच विचारावं. इतक्या वर्षांत गावंडे हे सांगायला एकदाही विसरले नव्हते. मला पाठ होतं, तरी मी त्यांनी म्हणेपर्यंत थांबायचे. तो त्यांचा मान होता.

मी कूलर बंद केला. आम्ही तिघं घामाने न्हायलो. फ्लक्स, म्हणजे शिसं नीट वाहावं म्हणून लावायचा चिकट लेप, लावला, गन फिरवली, जुन्या चिपेखालचं शिसं पातळ होऊन चमकलं आणि ती चिमट्यात अलगद उचलली गेली. जागा साफ केली. नवी चिप चिमट्यात धरली.

"आधी टिंब पाह्य," गावंडे कानाशी म्हणाले.

चिपेच्या एका कोपऱ्यावर टिंब असतं, बोर्डावरही असतं. दोन्ही एका कोपऱ्यात आले पाहिजेत, नाहीतर पहिल्याच करंटला धूर निघतो. टिंबावर टिंब आलं. गन फिरवली. चिप स्वतःच जराशी हलली आणि जागेवर जाऊन बसली. ती अशी बसली की माझ्या छातीतही काहीतरी जागेवर बसायचं.

बोर्ड गार झाल्यावर करंट दिला. पंख्याने एक गचका खाल्ला आणि फिरायला लागला.

"झाला!" नईम उठून उभाच राहिला. "भाऊ, तुमचं डोकं सोन्यात मढवलं पाहिजे. थांबा, रस आणतो, बर्फ टाकून."

"अन् लिंबू," गावंडे म्हणाले.

नईम गेला. मी करंट काढला, कूलर लावला. कूलरने नुसतीच कोरडी गरम हवा टाकली, टाकीतलं पाणी संपलं होतं. मी बादली घेऊन मागे नळावर गेले. नळाची धार बारीक होती, बादली भरायला वेळ लागला. मी गुणगुणत होते, एवढं मला आठवतं.

टाकीत पाणी ओतून आत आले तर गावंडे बोर्डावर वाकलेले. हातात ब्रश, आणि स्पिरिटची बाटली टेबलावर आडवी. अर्धं स्पिरिट सांडलं होतं, टेबलाच्या कडेवरून ठिबकत होतं.

"कुंदे, ये लवकर. सापडली."

"काय सापडलं?"

"चिप. ही पाह्य. नईमले दिसली नाही. चार्जिंगची. बदला लागते."

मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टेची त्यांना सवयच होती. "पुरे आता," मी म्हटलं. "हात पुसा. नईम रस घेऊन येतोय."

"रस मग. आधी हे."

"अहो, तीच तर आत्ता बदलली आपण."

"कोणी?"

"मी. तुमच्यासमोर. तुम्हीच तर दाखवली."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. 'काही सांडलं नाही हो, आपोआपच बंद पडला' असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते असे बघायचे. भांडायचं नाही, पण विश्वासही ठेवायचा नाही. ती नजर माझ्यावर कधी पडली नव्हती.

"बघा ना, नवीन चिप आहे. फ्लक्स अजून ओला आहे तिच्याभोवती."

ते भिंग घेऊन वाकले. नीट बघितलं. "हाव. फ्लक्स हाये," ते म्हणाले. "नईमनं करून पाह्यलं असेल. त्याले जमत नाही हे, मी सांगतो ना तुले."

मी करंटची वायर उचलली. "थांबा, तुम्हाला चालू करून दाखवते."

त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की त्यांची थरथर माझ्या खांद्यापर्यंत आली. "शॉर्ट असताना करंट देतेस? बोर्ड उडवतेस काय? हे शिकवलं मी तुले?"

"अहो, शॉर्ट गेला. पंखा फिरला. नईमने पाहिला, तुम्ही पाहिला..."

"हात तुझे, डोकं माझं!" ते ओरडले. "ठरलं होतं ना आपलं? ठरलं होतं का नाही?"

बाजूच्या टेलरचं मशीन थांबलं. गावंड्यांनाच त्यांच्या आवाजाची भीती वाटली असावी. त्यांनी मनगट सोडलं. मग बोर्डाकडे बघितलं, सांडलेल्या स्पिरिटकडे बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, "कुंदे, माझं डोकं बरोबर हाये ना?"

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले आहे. गिऱ्हाइकांशी बोलले, सासूशी बोलले. पण या टेबलावर बसून गावंड्यांशी कधी नाही.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "तुमचं कधी चुकलंय?"

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग काढ ती चिप," ते म्हणाले.

दाराशी नईम उभा होता. दोन्ही हातांच्या पंजांत रसाचे तीन पेले. तो कधीपासून उभा होता, कोण जाणे. मला त्याचा भयंकर राग आला. तो नसता तर हे माझ्या एकटीजवळ राहिलं असतं. मी ते कुठेतरी लपवलं असतं, उद्या त्याला काहीतरी दुसरं नाव दिलं असतं. आता दोघांनी पाहिलं होतं.

गावंड्यांनी मान वर केली. तोंडभर हसले.

"अरे नईम! कधी आला? ये, बस, पाणी पी. तोंड पाह्य कसं लाल झालं."

नईमने माझ्याकडे बघितलं. मी त्याला काहीच खूण केली नाही, मला सुचलंच नाही. त्याने पेले कपाटावर ठेवले. मघाचंच स्टूल ओढलं, मघाच्याच जागी बसला. दुपट्ट्याने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं.

"आत्ताच आलो भाऊ," तो म्हणाला. "एक बोर्ड आणला. शॉर्ट आहे. कुठं आहे, ते..." त्याने खाकरून घेतलं. "ते दिसून नाही रायलं."

"मले दिसलं ना!" गावंडे खूश होऊन म्हणाले. "ही पाह्य. तुले मोठी दिसली असेल. ती नाही. ती हिच्या उबेनं तापते."

"क्या बात है भाऊ," नईम म्हणाला.

"पण नवीन एकच राहिली हाये आपल्याजवळ. कुंदे, काढ."

मी खण उघडला. सुपारीची डबी उघडली. आत रिकामं पाकीट होतं. मी ते दोघांनाही दिसू दिलं नाही आणि डबी बंद केली. "आहे," मी म्हटलं.

डबी टेबलावर ठेवली आणि नईमकडे वळले. बोर्ड त्याचा होता, गिऱ्हाईक त्याचं होतं. चांगली बसलेली चिप तापवून काढायची आणि तीच पुन्हा तापवून बसवायची, म्हणजे हातचा जिवंत बोर्ड मारायला घ्यायचा. हे आम्हाला दोघांनाही गावंड्यांनीच शिकवलं होतं.

"नईम, तुझा बोर्ड..."

"काढा भाभी," तो म्हणाला. "भाऊ म्हणते ना. काढा."

मी सांडलेलं स्पिरिट फडक्याने पुसून घेतलं, फ्लक्स लावला. गन उचलली, चिमटा उचलला. गावंडे माझ्या डाव्या हाताला सरकून बसले, त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. भिंगातून ते त्या चिपेकडे बघत होते. मागे कूलर नव्या पाण्याने जोरात चालला होता. त्याचा ओला वारा आमच्या मानेवरून सरळ बोर्डावर येत होता, गावंड्यांचे उरलेले केस त्याने उडत होते.

मी गन हातात धरून थांबले.

नईमलाही कळलं असावं मी कशासाठी थांबले ते, कारण तोही श्वास रोखून गावंड्यांच्या तोंडाकडे बघत होता. मी मनातल्या मनात त्यांना ते शब्द पुरवत होते. म्हणा हो. तीनच तर शब्द आहेत. बाकी सगळं जाऊ दे, एवढं म्हणा.

"थांबली काहून?" गावंडे म्हणाले. "चालू कर ना."

कपाटावरच्या रसातला बर्फ विरघळून गेला होता. मी गन खाली ठेवली, उठले आणि कूलर बंद केला.